पद सहायकाचं, काम केमिस्टचं

सुशीलाताई मेश्राम गेल्याचं मला हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कळलं. शेजारच्या नव्या मुलीनं सहज सांगितलं. ती ताई निवृत्त झाल्यावर लागलेली, तिनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. महिना होत आला, पण बसमध्ये चढले की अजून त्याच आठवतात...

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ताई माझ्या बऱ्याच आधी लागल्या. त्यांच्यासोबत लागलेले देशकर कॉलेजात त्यांच्याच वर्गातले. दोघंही बीएस्सी, दोघांचं काम एकच. तरी देशकर ‘केमिस्ट’ आणि ताई ‘सहायक’, म्हणून पगार बराच कमी. मुलगी लग्न करून निघून जाईल, असं साहेबांनी धरलेलं. ताईंचं लग्न झालं, मुलगा झाला, त्या कुठंच गेल्या नाहीत. पद मात्र तेच राहिलं.

मग समान वेतनाचा कायदा आला. ताई आशेनं मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, “बाई, काम समान कुठं आहे? तुमचं पदच वेगळं.” ताईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फक्त सहायकाचं काम केलं. नमुने आणले, काचेची भांडी धुतली, पण तपासणी करून अहवालावर सही करायला नकार दिला. “ते केमिस्टचं काम आहे, साहेब.” माल गोदामात अडकला, ट्रक फाटकाशी उभे राहिले. साहेबांनी सगळं देशकरांवर टाकलं, तर तेही शांतपणे म्हणाले, “मले एकट्याले नाही जमत, साहेब. अर्धं काम तर ह्याच करून राहिल्या होत्या.”

त्या दिवसांत रोज नोकरी जाईल असं वाटायचं, असं ताईंनी मला पुढं सांगितलं. शेवटी पद बदललं, पगारही. मागचा फरक काही मिळाला नाही.

मी लागले ती थेट केमिस्ट म्हणून. ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “दौऱ्याले नाही म्हणू नको वं. बढती तिथूनच भेटते, अन् आपण तिथंच मागं राहतो.” माझ्या सासूबाई मला दौऱ्यावर पाठवायला तयार नव्हत्या, तेव्हा ताई स्वतः घरी येऊन त्यांच्याशी बोलत बसल्या.

कुणा मुलीला नोकरी लागली की ताई हमखास विचारायच्या, “संगं लागलेल्या पोराले किती देऊन राहिले?” लोकांना ते अवघड वाटायचं. परवा माझी भाची रामदासपेठेतल्या एका ऑफिसात लागली, म्हणून पेढे घेऊन आली. माझ्या तोंडून नकळत तोच प्रश्न निघाला. ती गोंधळून म्हणाली,

“तेवढाच ना, मावशी. वेगळा काहून देतील?”

हे उत्तर ऐकायला ताई हव्या होत्या...