‘दिसले नाहीत’ अशी चिठ्ठी

मुळगावात आमच्या दोरीवर वाळणारे सगळे रुमाल तांबडे असत. दादा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय खाणीच्या रस्त्यावर गाडी चालवणं शक्यच नव्हतं. चादरी, उशा, थुंकी, सगळ्याला खाणीच्या धुळीचा रंग. त्यामुळे तो खोकून तांबडं थुंकला तरी कोणी वळून बघत नसे.

मी डिचोलीतल्या एका दवाखान्यात थुंकी तपासायचे. काचेवर ती पसरायची, रंग द्यायचा आणि निळ्यात तांबड्या काड्या दिसतात का ते शोधायचं. त्या काड्या म्हणजे क्षयाचे जंतू. गावोगावचे खोकणारे माझ्या टेबलावरून जात, आणि घरात खोकणारा भाऊ माझ्या लेखी धूळ खाल्लेला ड्रायव्हर होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कळलं ते आईमुळे. एकदा कपडे वाळत घालताना ती खुशीत म्हणाली, "नवो साबण बरो आसा. रुमालाचे डाग साध्या पाण्यानच जातत."

खनिजाचा डाग जन्मात जात नाही. थंड पाण्यात जातो तो ताज्या रक्ताचा. दुसऱ्या दिवशी मी दादाला थुंकीसाठी डबी दिली. काड्या भरपूर निघाल्या.

औषधं सुरू झाली, रोज इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या. आमचे डॉक्टर फार बोलत नसत, पण या जंतूबद्दल मात्र आवडीने सांगत. शरीरातल्या पहारेकरी पेशी जंतूला गिळतात, एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत पाचक रस ओतून त्याला मारतात. क्षयाचा जंतू तो रस पिशवीपर्यंत येऊच देत नाही. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं तसा तो तिथे राहतो. वर्षानुवर्षं गप्प पडून राहील, औषध चालू असताना दम धरेल. म्हणून खोकला थांबला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

काही महिन्यांनी दादाचा खोकला गेला, अंगावर मांस आलं. गोवा घटकराज्य झाल्याचे फटाके डिचोलीच्या बाजारात वाजले त्याच आठवड्यात मी त्याची थुंकी पुन्हा तपासली. काच तीनदा फिरवून बघितली. चिठ्ठीवर लिहिलं, ‘दिसले नाहीत’. दवाखान्याच्या पायरीवर त्याच्या हातात ती ठेवली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्याने चिठ्ठी घडी करून लायसनच्या पाकिटात ठेवली. येताना आम्ही आईसाठी पाव आणि जिलेबी घेतली.

त्यानंतर त्याने गोळ्या सोडल्या. मला कळलं तेव्हा पावसाळा सरून खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी भांडले. तो शांतपणे पाकीट काढून म्हणाला, "बाय, ह्यां तूच लिवलंय मां? नाय तर नाय. मगे गोळ्यो कित्याक?" गावात तो ती चिठ्ठी शाळेच्या दाखल्यासारखी दाखवत असे, हेही मला तेव्हाच कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात खोकला परत आला. काड्या पहिल्यापेक्षा जास्त होत्या आणि जुनी औषधं आता त्यांना लागू पडेनात. पणजीला नेलं, महागड्या गोळ्या आणल्या. दीड वर्षाने दादा गेला.

लोक म्हणतात, ड्रायव्हर माणूस, त्याला काय कळणार. मी त्यांना दुरुस्त करत नाही. जंतू पेशीच्या पोटात बसून असतात, थुंकीत नाहीत म्हणजे अंगात नाहीत असं नव्हे, हे त्या घरात एकीलाच ठाऊक होतं. त्या दिवशी पायरीवर ते एक वाक्य बोलायला फार वेळ लागला नसता. मी बोलले नाही, कारण मला फार आनंद झाला होता.