ताटल्या थर्माकोलच्या, मळा केळीचा

वसतिगृहातल्या पोरींनो, मळ्यातून येऊन थेट या फळ्यावर लिहितेय. हाताला अजून भरिताचा वास आहे!

आज घरची भरीत पार्टी होती. वडील, म्हणजे आबा, जळगावहून थर्माकोलच्या ताटल्या घेऊन आले. मी आणि धाकटी अडूनच बसलो. "यांत जेवणार नाही. उद्या बांधावर जाळाल अन् धूर आम्ही खायचा."

आबा भडकले. "पानावर वाढलं तर धुळ्याचे पाहुणे काय म्हनतीन? अन् घड पोसायचेत, केळीला हात लावायचा नाही!"

"घड कापलेल्या केळींची पानं फेकूनच देता ना, आबा?"

आबांनी ताटल्या बाजूला सारल्या. मग स्वतःच विळा घेऊन उठले.

पाहुणे बोटं चाटत जेवले. मी निघताना आबांनीच विचारलं, "तुझ्या ताईच्या लग्नाला किती पानं लागतीन गं?"

तुमच्या घरी कोण अडून बसणार?