न्हावऱ्याला साखळीत घेणाऱ्या कुसुमताई

प्रा. कुसुमताई गाडेकर यांची आणि माझी पहिली ओळख वादातून झाली. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील सहा महाविद्यालयांच्या मुलींची खो-खो साखळी स्पर्धा होती आणि ताई तिच्या सचिव होत्या. साखळीत एक संघ वाढवायचा होता आणि अर्ज आले होते दोन: कारेगावचा आणि आमच्या न्हावऱ्याचा. मी नुकताच क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. दौंडच्या बैठकीत ताईंनी आपले मत आडपडदा न ठेवता मांडले.

"कारेगावला कामगारांची मोठी वस्ती आहे. प्रेक्षक मिळतील, प्रायोजकही मिळतील. साखळी टिकवायची तर सामने बघायला माणसं हवीत. न्हावऱ्याला कोण येणार, सर?"

"माणसं येत्यात का न्हाई, ते एकदा येऊन तर बघा मॅडम," रागाच्या भरात मी गावच्या बोलीत बोलून गेलो. सगळे हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला.

आठवड्याभराने त्या एकट्याच एसटीने न्हावऱ्याला आल्या. त्या दिवशी आमचा सराव सामना होता. पाच वाजत आले तरी मैदानाकडेला दहाबारा माणसेच होती. मला ताईंकडे बघवेना. खेळ सुरू झाला आणि कांदालागणीवरून सुटलेल्या बाया डोक्यावरची पाटी तशीच घेऊन थेट मैदानावर येऊ लागल्या. मागोमाग मुलींच्या आत्या, चुलत्या आल्या. ताई खुर्ची सोडून त्यांच्यात जाऊन बसल्या.

"यातली तुमची पोरगी कुठली वं?" एका आजींनी विचारले.

"माझी कोणी नाही. मी नुसतं बघायला आलेय."

"मंग आमची कमल बघा. लई पळती."

कमल खरोखरच पळाली. ताईंनी आजींच्या बरोबरीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "मी वस्तीचा आकार धरून बोलले होते. माझं चुकलं. न्हावऱ्याला घ्या."

"मग कारेगावचं काय?" कुणीतरी विचारले.

"त्यांनाही घ्या. सात संघांपेक्षा आठांचं वेळापत्रक सोपं जातं." एवढे बोलून त्या खाली बसल्या. भर बैठकीत आपली चूक इतक्या सहजपणे मान्य करणारी वडीलधारी व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती.

गंमत म्हणजे कारेगावच्या पहिल्याच सामन्याला खुर्च्या रिकाम्या राहिल्या. काहींनी टोमणे मारले. ताई दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या आणि शिफ्ट सुटून येणाऱ्या कामगारांना, रेल्वे कॉलनीत लहानपणी शिकलेल्या हिंदीत, "भैया, छुट्टी कब होती है?" असे विचारत राहिल्या. सामन्याची वेळ बदलली. पुढच्या खेपेला गळ्यात ओळखपत्र आणि हातात डबा घेतलेले लोक दाटीवाटीने उभे होते. त्यांतल्या अनेकांनी खो-खो कधी पाहिला नव्हता. ताईंनी माइक घेतला आणि नियम हिंदीतून समजावले. त्यांचे व्याकरण ऐकून आम्ही हसत होतो, पण प्रेक्षकांना सगळे समजत होते.

माझ्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन दौंडला झाले, तेव्हा ताई तीन दिवस घरची भाकरी-भाजी घेऊन येत होत्या. "तुमचा मुलगा भांडतो छान," त्यांनी आईला सांगितले. आईला वाटले, मी तिथेही काहीतरी उद्योग करून ठेवला. तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. खुंटाला वळसा कसा घालायचा, हे त्या मुलींना अजून स्वतः पळून दाखवतात आणि मग दोन दिवस गुडघा शेकत बसतात. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांचे ऐकावे, त्यांनी थोडे डॉक्टरांचे ऐकावे, आणि आम्हाला त्यांच्याशी वाद घालायला अजून भरपूर वर्षे मिळावीत, एवढीच मनापासून इच्छा.