जमादारांचं मागचं दार

मागच्या दाराला बाहेरून टाळं होतं आणि आम्ही सगळ्या त्याच दाराला धडका देत होतो. पाठीमागे पेंढा भडकला होता. पुढचं दार सताड उघडं होतं. पण जमादारांची शिट्टी झाली की मागच्या दाराकडे धावायचं, एवढंच आमच्या पायांना ठाऊक होतं.

जमादार म्हणजे चिंचवडच्या आमच्या काचेच्या बरण्यांच्या कारखान्याचे पहारेकरी. फौजेतून आलेले, साताऱ्याकडचे. नवा माणूस दिसला की रामराम नाही, आधी विचारायचे, "पळायची वेळ आली तर कुठनं पळशील?" लग्नाच्या मांडवातसुद्धा कनातीची फट बघून जेवायला बसायचे.

बरण्या पेंढ्यात भरायचं काम आम्हा गावातल्या बायकांचं. पेंढा कधीही पेटेल आणि पुढच्या दारात भरायच्या बैलगाड्या आडव्या असतात, म्हणून दर शनिवारी शिट्टी फुंकून ते आम्हाला मागच्या दाराने पळवायचे. "पुढचं दार पगाराचं, मागचं जिवाचं," म्हणायचे.

माझ्या शेजारी बसणारी गोदा पळता पळता ओरडायची, "जमादार, वाघ आला तर कुठनं पळायचं वो?"

"तू पळू नगंस. वाघच पळंल."

हसून पोट दुखायचं, पण सवय लागली ती लागलीच.

मग मागच्या दाराने बरण्या चोरीला जाऊ लागल्या. साहेबांनी टाळं घालायला सांगितलं. जमादार भांडले, शेवटी घातलं. किल्ली कमरेला बांधून म्हणाले, "ही माझ्यापाशी हाय, म्हंजी दार उघडंच समजा." आम्ही समजलो. शनिवारची शिट्टी बंद झाली. पुढच्या दाराने पळायला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही.

हमालाच्या विडीने पेंढा पेटला तेव्हा दारात एकही गाडी नव्हती. जमादार फाटकावर होते. त्यांनी शिट्टी फुंकली आणि किल्ली घेऊन कारखान्याला वळसा घालत धावले. उतारवयाचा माणूस, धावून किती धावणार? दार उघडलं तेव्हा गोदा सगळ्यांच्या खाली सापडली होती.

चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. ते स्वतःच गोदाच्या नवऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "टाळं सायबाचं, पण सवय माझी. शिट्टी मीच फुंकली. मार मला."

तो म्हणाला, "तुमास्नी मारून तिच्या पोराला दूध मिळणार हाय का, जमादार? जावा घरी."

नोकरी सोडून गावी जाताना ते माझ्या दारात आले. माणूस भला होता, मला माहीत होतं. तरी मी आत या म्हणाले नाही.

"मागल्या दाराशी तू पयली पोचलीस," ते म्हणाले. "तुला पुढचं दार दिसलं न्हाई का गं?"

"दिसलं की. पण शिट्टी तुमची होती."

त्यांनी मान हलवली आणि गेले. पुन्हा दिसले नाहीत.

त्या आगीतून मी वाचले, बाकीच्या बायका वाचल्या, जमादार वाचले. गोदा वाचली नाही.