पायाळूची कंबर

उमरीच्या स्टेशनावर गाडी आली आणि मी आईच्या कमरेत लाथ मारली. मारावीच लागली. सोयाबीन काढताना तिला उसण भरली होती. धड वाकता येईना, धड उभं राहता येईना. "लाजून काय राहिलास? हान की! तू गेल्यावर कुणाकडं जाऊ मी?" डब्यातले लोक बघतच राहिले. मी चप्पल काढली, पाय हलकाच लावला आणि हैदराबादच्या गाडीत चढलो.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशाची लाथ बसली की उसण उतरते, असं आपल्याकडं मानतात. खुरपणाऱ्या बायका आमच्या दारात येऊन पाठ करून उभ्या राहायच्या. उसण उतरायची की नाही, देव जाणे. जाताना हसायच्या मात्र.

इथं मी फरशी बसवतो. दिवसभर उकिडवं बसून मागं मागं सरकायचं. तेलुगूत कमरेला नडुमू म्हणतात. सगळ्यात आधी मला हाच शब्द आला. साईटवर नायगाव-किनवटची माणसं आहेत, तीही सुट्टीला माझ्यापुढं पाठ करतात. पण आता माझीच कंबर धरलीय. आपला हात जगन्नाथ खरा, पण आपली लाथ आपल्या कमरेत बसत नाही! डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद करा. मग फरशी काय उभ्यानं बसवू? मेस्त्रीला कळलं तर तो दुसरा माणूस बघेल, म्हणून गोळी खातो आणि उठताना बादलीचा आधार घेतो. बसवत नाही, निजवत नाही. गावाकडं निघून जावं वाटतं. पण खुरपायलाही कंबरच लागते.

आज सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

"बरा हाईस न्हवं?"

"हाव."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "जरा उठून दाखव बरं."

रेंज नाही म्हणालो आणि फोन ठेवला. फार वाईट वाटलं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मेस्त्री रोज समोर असतो, त्याला अजून पत्ता नाही. आईला एवढ्याशा फोनमधून कळलं. जिथं दुखणं लपत नाही, तेवढंच आता माझं घर. तिचाच फोन पुन्हा वाजतोय, आणि मी भिंत धरून उठायला बघतोय.