तापलेलं बॉनेट

पेट्रोल पंपावर डिझेलचा वास आला की मला डिचोलीतल्या घरामागे उभा असलेला बाबांचा खनिज वाहणारा ट्रक आठवतो. खाणी बंद पडल्या, तरी बॅटरी उतरू नये म्हणून बाबा रोज संध्याकाळी इंजिन चालू ठेवायचे आणि स्वयंपाकघरातल्या बश्या थरथरायच्या. डिझेल महागलं, तेव्हा त्यांनी बॅटरीच विकून टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बश्या पुन्हा थरथरल्या. आई मागे न बघताच म्हणाली, "बाबांक च्या नेऊन दी."

बाबा स्टिअरिंगमागे बसले होते. ट्रकचा आवाज अजिबात नव्हता. "थांब गो, इंजिन तापूं दी," ते म्हणाले.

मी केबिनमध्ये चढून कप त्यांच्या सीटशेजारी इंजिनावर असलेल्या बॉनेटवर ठेवला आणि हाताला चटका बसला. उन्हानं तापलं असेल, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली.

आता आठवतं, तो श्रावण होता. आठवडाभर ऊन पडलंच नव्हतं.