दोन अक्षरांची ऑर्डर

पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होतं. मी तेव्हा नायक. घर लालबागला, वडील गिरणी कामगार. आमच्या बटालियनमध्ये सगळ्या प्रांतांचे जवान होते. माझ्या सेक्शनमधला लान्सनायक तपन बंगालचा, शिपाई मुरुगन तमिळनाडूचा. आपसात आम्ही मोडकंतोडकं हिंदी बोलायचो.

घराची झडती घेताना खोलीत कोणी नसेल तर ‘खाली’ असं ओरडायचं, ही ड्रिल. त्यावरून एकदा बरॅकमध्ये विषय निघाला. मुरुगन म्हणाला, "हमारे उधर काली बोले तो आदमी खतम." मी म्हणालो, "हमारे चाळ में खाली मतलब नीचे." तपन खूप हसला. "एक दिन मरवाएगा तू," म्हणाला.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला गावाला घेरा पडला. आठपर्यंत गावकरी बाहेर काढले. नऊ चाळीसला आम्ही तिघं एका दुमजली घरात शिरलो. तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या निघाल्या. मुरुगन दाराशी लाईट मशीनगन लावून थांबला. तपन जिन्याने वर गेला आणि वरच्या दाराशी, भिंतीच्या आडोशाला एक गुडघा टेकून बसला. मी त्याच्या मागे, तीन पायऱ्या खाली.

मला तिथून खोलीच्या छताची फळी सरकताना दिसली. मग बंदुकीची नळी दिसली. माझ्या फायरच्या रेषेत तपनचं डोकं होतं.

"तपन, खाली!"

मला ‘वाक’ म्हणायचं होतं. त्याने ऐकलं, खोली रिकामी आहे. तो उठला आणि दारात शिरला.

बर्स्ट आला. तीन गोळ्या, एक गळ्यात, दोन छातीत. तो मागे माझ्या अंगावर पडला. मी त्याच्या खांद्यावरून आख्खं मॅगझिन फळीत रिकामं केलं. वरून एक माणूस धपकन पडला. त्याचं पोट फाटलं होतं, तरी हात कमरेच्या ग्रेनेडकडे चालला होता. मी मॅगझिन बदललं आणि त्याच्या तोंडावर दोन गोळ्या झाडल्या.

रेडिओवर सुभेदारसाहेब ओरडत होते. "रिपोर्ट. ओव्हर."

"एक मारला. आपली एक कॅज्युअल्टी. तपन. ओव्हर."

मी त्याचा गळा दोन्ही हातांनी दाबून धरला. रक्त बोटांमधून येतच राहिलं, गरम. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांनी माझे हात बाजूला केले.

त्याच दुपारी मी सुभेदारसाहेबांना सगळं सांगितलं.

"गोली किसने चलाई? तूने या उसने?"

"उसने, साहब. लेकिन खड़ा मैंने किया."

दुसऱ्या दिवसापासून प्लाटूनमध्ये तो शब्द बंद झाला. ‘क्लिअर’ आणि ‘डाउन’ सुरू झाले.

हवालदार होऊन निवृत्त झालो, लालबागला परतलो. गेल्या वर्षी तपनच्या भावाचा फोन आला. आईला कॅन्सर होता, परळला उपचार, राहायची सोय नव्हती. मी दोघांना घरी आणलं. पाचव्या दिवशी इस्पितळातून परतल्यावर मी बोलायला लागलो, तर बायको म्हणाली, "अहो, आधी जेवू द्या त्यांना." जेवणं झाली. मग मी सांगितलं. मी काय ओरडलो, त्याने काय ऐकलं, सगळं. भाऊ बंगालीत आईला सांगत गेला.

म्हातारी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, खाली एकटा कोथा बोलो."

तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मी उठून उभा राहिलो.

"हमारे में खाली मतलब सिर्फ," भाऊ म्हणाला. "माँ बोल रही है, सिर्फ एक बात बता दो."

त्या सकाळी तपन काही खाऊन निघाला होता का, एवढंच तिला विचारायचं होतं.

हो, मी म्हणालो. पाच वाजता लंगरमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. त्याने पाच पुऱ्या खाल्ल्या, बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतली. निघताना एक पुरी कागदात गुंडाळून छातीवरच्या खिशात ठेवली.

तिने मान हलवली, डोळे पुसले.

तो खिसा नंतर मीच रिकामा केला होता; पुरी रक्ताने भिजली होती. ते मात्र तिला सांगितलं नाही.